लंडन दुसऱ्यांदा: राहून गेलेल्यांची यादी न करता आखायची सहल

मराठी घरातलं पहिलं लंडन बहुधा दोन-अडीच दिवसांचं असतं. युरोपच्या दहा-बारा दिवसांच्या टूरचं एक टोक, नाहीतर लेकाच्या किंवा लेकीच्या पदवीदानाला जाऊन आलेली धावती फेरी. बिग बेनपुढे फोटो, टॉवर ब्रिज, मादाम तुसाँ, लंडन आय, ऑक्सफर्ड स्ट्रीटवर खरेदी, आणि विमानात बसल्यावर एकमेकांना म्हणणं, ‘पुन्हा निवांत यायला हवं.’ काही वर्षांनी तो योग येतो, आणि बहुतेक जण पहिल्यांदा काय काय राहिलं त्याची यादी काढून बसतात.

माझा आक्षेप त्या यादीलाच आहे. राहिलेल्या ठिकाणांमागे धावलं की दुसरी सहल पहिलीचीच उरलेली हजेरी होते. त्यापेक्षा आपल्या आवडीचा एक धागा निवडावा, दिवसाला शहराची एकच दिशा धरावी, आणि पहिल्या वेळी जे खरंच आवडलं होतं तिथे पुन्हा जायला मोकळा वेळ ठेवावा. हे कसं जमवायचं ते क्रमाने सांगतो.

पहिल्या सहलीचा हिशेब काढा

मोबाइलमधले जुने फोटो उघडा आणि त्यांच्या वेळा बघा. ब्रिटिश म्युझियममध्ये अर्ध्या तासात चाळीस फोटो काढले असतील, तर ते म्युझियम तुम्ही पाहिलेलं नाही. कुठल्याशा बागेत दोन तास गेले आणि फोटो मात्र तीनच, तर ती जागा तुम्हाला आवडली होती. बँकेचं जुनं स्टेटमेंट सापडलं तर तेही चाळा. पैसे कुठे उगाच गेले ते लगेच दिसतं.

यातून जास्तीत जास्त दोन जागा ‘पुन्हा हवी’ म्हणून निवडा. दोनच. आणि त्या वेगळ्या वेळी बघा. वेस्टमिन्स्टर ब्रिज दुपारी गर्दीत पाहिला असेल, तर या वेळी पहाटे जा. भारतातून पश्चिमेकडे गेल्यावर पहिले दोन-तीन दिवस पहाटे चारलाच जाग येते. जूनमध्ये लंडनला पावणेपाचच्या सुमारास उजाडतं. ती जाग अंथरुणात लोळत घालवण्यापेक्षा पुलावर सत्कारणी लावावी.

आता कपाटातला तो लिफाफा शोधा. प्रत्येक घरात असतो: परदेशातून उरलेल्या नोटा, नाणी, तिकिटं. त्यात कागदी पौंड असतील तर ते आता दुकानात चालत नाहीत. कागदी २० आणि ५० पौंडांच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर व्यवहारातून गेल्या, ५ आणि १० च्या त्याआधीच. नोटा वाया मात्र गेलेल्या नाहीत. थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या बँक ऑफ इंग्लंडमध्ये ओळखपत्र दाखवून त्या बदलून मिळतात. जुनं गोल पौंडाचं नाणंही ऑक्टोबर २०१७ पासून बाद आहे. राणीचं चित्र असलेल्या प्लास्टिकच्या नोटा मात्र चालतात. राजा चार्ल्सच्या नोटा जून २०२४ पासून आल्या, दोन्ही सोबत फिरतात. लिफाफ्यात ट्यूब-बसच्या प्रवासाचं ऑयस्टर कार्ड सापडलं तर बरोबर घ्या, त्यावरची शिल्लक बुडत नाही.

मधल्या काळात काय बदललं

ओळखीच्या शहरात माणूस बेसावध असतो, म्हणून हे आधी वाचा.

मे २०२२ मध्ये एलिझाबेथ लाइन सुरू झाली. हीथ्रोपासून पॅडिंग्टन, टॉटनहॅम कोर्ट रोड, लिव्हरपूल स्ट्रीटमार्गे पूर्वेला जाणारी ही गाडी मोठी, वातानुकूलित आणि वेगवान आहे. तुमची पहिली भेट याआधीची असेल, तर शहराची अंतरं डोक्यात नव्याने बसवावी लागतील.

नकाशावर केशरी रंगाची ‘ओव्हरग्राउंड’ शोधू नका. नोव्हेंबर २०२४ पासून तिचे सहा मार्ग झाले आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि रंग मिळाला: लायनेस, माइल्डमे, विंडरश, वीव्हर, सफ्राजेट, लिबर्टी. यातली माइल्डमे लाइन दुसऱ्या सहलीसाठी फार कामाची. क्यू गार्डन्स, हॅम्पस्टेड हीथ, कॅम्डन रोड, हॅकनी विक, स्ट्रॅटफर्ड ही सगळी एका माळेत येतात, आणि मध्य लंडनमध्ये पाऊल न टाकता. मध्यवर्ती झोन टाळला तर भाडंही कमी पडतं. मात्र वाटेत गाडी बदललीत, तर स्टेशनातल्या गुलाबी रीडरला कार्ड लावायला विसरू नका. नाहीतर यंत्रणा तुम्ही मध्य लंडनमधूनच गेलात असं समजते.

खरेदीवाल्यांसाठी वाईट बातमी: लंडनच्या दुकानांत परदेशी पाहुण्यांना मिळणारा व्हॅटचा परतावा १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे. विमानतळावर रांग लावून फॉर्मवर शिक्का मारून घेण्याचा उद्योग संपला. पहिल्या वेळी ‘परतावा मिळतोय’ म्हणून घेतलेली महागडी बॅग आता तेवढ्याच महाग किमतीला मिळेल. बॅगेसाठी ठेवलेले पैसे नाटकाच्या तिकिटांवर खर्च करावेत, हे माझं मत.

बिग बेनभोवतीचे परांचे पाहून हिरमुसला असाल, तर ते २०२२ मध्ये निघाले. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी २०२३ मध्ये नव्या रूपात उघडली.

महिना ठरवताना

आपल्याकडे सुट्टी मे महिन्यात, म्हणून सहल मे महिन्यात, हे पहिल्या वेळी झालं असेल. मे तसा वाईट नाही. क्यू गार्डन्समध्ये निळी ब्लूबेल्स एप्रिलच्या शेवटापासून फुलतात, रिचमंड पार्कमधल्या इझाबेला प्लांटेशनमध्ये अझेलियाचे ताटवे तेव्हाच असतात. पण मुलांच्या शाळांचं बंधन नसेल तर मी सप्टेंबर सांगेन. तिथल्या शाळा सुरू झालेल्या असतात, हवा बरी असते, आणि ‘ओपन हाउस’ हा उत्सव याच महिन्यात भरतो. एरवी बंद असणाऱ्या असंख्य इमारती, कचेऱ्या, खाजगी घरं त्या दिवसांत फुकट पाहता येतात. काहींना आधी नाव नोंदवावं लागतं. शिवाय बीबीसी प्रॉम्स या पाश्चात्य अभिजात संगीताच्या महोत्सवाचे कार्यक्रम सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये चालू असतात, आणि त्याच दिवशी मिळणारी उभ्याची तिकिटं अगदी स्वस्त असतात.

सप्टेंबरात बहुतेक वर्षी गणपतीही येतो. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं. त्याची वास्तू डॉलिस हिलला आहे. उत्सवाच्या तारखा मंडळ जाहीर करतं. घरचा गणपती सोडून सहलीला गेल्याची बोच असणाऱ्यांसाठी ही मोठी सोय.

डिसेंबरचं आकर्षण मला कळतं, दिवे सुंदर असतात. पण दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो, आणि २५ डिसेंबरला ट्यूब, बस, रेल्वे सगळं बंद असतं. त्या दिवशी लंडनमध्ये असाल तर चालत जाता येईल इतकंच लंडन तुमचं, आणि जेवणाची सोय आदल्या दिवशीच करून ठेवलेली बरी.

व्हिसा: दुसऱ्या वेळी काय वेगळं

जुना पासपोर्ट जपून ठेवला आहे ना? अर्जात गेल्या दहा वर्षांतल्या ब्रिटनवाऱ्या विचारतात. कधी गेलात, किती दिवस राहिलात, सगळं. वेळेत परतल्याची नोंद हीच दुसऱ्या अर्जातली तुमची भक्कम बाजू. इतर कुठल्या देशाने व्हिसा नाकारला असेल तर तेही लिहावं लागतं. लपवलं आणि सापडलं, तर नकारापेक्षा ते जास्त महागात पडतं.

अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. बोटांचे ठसे दिल्यावर निर्णयाला साधारण तीन आठवडे धरा, उन्हाळ्याच्या गर्दीत जरा जास्तच. साधा पर्यटक व्हिसा सहा महिन्यांचा. त्याशिवाय दोन, पाच आणि दहा वर्षांचेही मिळतात, पण प्रत्येक मुक्काम सहा महिन्यांच्या आतच हवा. मुलं तिकडे असतील, दर दीड-दोन वर्षांनी जाणं होणार असेल, तर लांब मुदतीचा विचार करा. फक्त एक लक्षात ठेवा: दहा वर्षांची फी भरूनही अधिकारी कमी मुदतीचा व्हिसा देऊ शकतो, आणि वरचे पैसे परत मिळत नाहीत. दुसऱ्याच सहलीला दहा वर्षांचा मागण्यापेक्षा दोन वर्षांचा मागणं मला शहाणपणाचं वाटतं.

ब्रिटनने पासपोर्टवरच्या स्टिकरऐवजी ई-व्हिसाकडे मोर्चा वळवला आहे. त्याचं ऑनलाइन खातं पासपोर्टच्या नंबराशी बांधलेलं असतं. मध्ये पासपोर्ट नवा काढलात तर खात्यातही बदल करा, नाहीतर विमानतळावरच्या काउंटरवर गोंधळ होतो. आणि परत न मिळणारी विमान तिकिटं व्हिसा हातात येईपर्यंत काढू नका. अर्जासाठी त्यांची गरज नसते.

मुक्काम कुठे

पहिल्या वेळी टूरवाल्यांनी हीथ्रोजवळ टाकलं असेल, नाहीतर तुम्ही पॅडिंग्टनच्या अरुंद जिन्याच्या हॉटेलात राहिला असाल, जिथे बॅग उघडायची तर पलंगावर चढून बसावं लागतं. या वेळी मध्य लंडनचा हट्ट सोडा. बघायचं ते हे: स्टेशन पायी पाच-सात मिनिटांवर आहे का, तिथून दोन-तीन मार्ग निघतात का, आणि जवळ भाजीचं, दुधाचं दुकान आहे का.

ईलिंग ब्रॉडवे या कसोटीला उतरतं. एलिझाबेथ, सेंट्रल आणि डिस्ट्रिक्ट तिन्ही मार्ग तिथे आहेत, भारतीय दुकानांचं साउथॉल तीन स्टेशनांवर आणि हीथ्रो त्याच गाडीवर. हॅमरस्मिथलाही पिकॅडिलीसकट बरेच मार्ग मिळतात, शिवाय संध्याकाळी थेम्सच्या काठाने फिरता येतं. शनिवार-रविवारच असाल तर कॅनरी व्हार्फची हॉटेलं बघा. सूटबूटवाले घरी गेले की तिथले दर उतरतात.

उन्हाळ्यात आणखी एक पर्याय असतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आपली वसतिगृहं सुट्टीत पाहुण्यांना भाड्याने देते. खोल्या साध्या असतात, पण जागा मोक्याच्या. आईवडील सोबत असतील तर बुकिंगआधी लिफ्ट आहे का ते विचारून घ्या. लंडनमध्ये जुन्या घराचं हॉटेल केलेलं असलं की लिफ्ट गृहीत धरायची नाही. ट्यूबच्या अधिकृत नकाशावरही जिना न चढता जाता येणारी स्टेशनं व्हीलचेअरच्या खुणेने दाखवलेली असतात. गुडघेदुखीवाल्यांचा दिवस त्या खुणांवरून आखावा.

धागा निवडा, मग दिशा

हा लेखाचा गाभा, म्हणून इथे सावकाश.

धागा म्हणजे तुमच्या आवडीचा कुठलाही: चित्रं, क्रिकेट, बागा, नाटक, रेल्वे. मी इथे लंडनमधल्या आपल्या माणसांच्या खुणांचा धागा घेतो, कारण त्याने शहराचे असे कोपरे जोडले जातात जिथे एरवी जायला कारण सापडत नाही.

*वायव्येचा दिवस.* वॉरिक अॅव्हेन्यू स्टेशनवर उतरा. पाच मिनिटांवर हाउली प्लेस नावाची शांत गल्ली आहे. १९१८-१९ मध्ये टिळक इथे राहत होते. व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकारावर त्यांनी भरलेला अब्रुनुकसानीचा खटला लंडनला चालला, आणि ते तो हरले. दहा नंबरच्या घरावर निळी पाटी आहे. घर खाजगी आहे, त्यामुळे फुटपाथवरूनच बघायचं.

तिथून लिटल व्हेनिसला या, जिथे कालव्यात रंगीत लांबोडक्या होड्या बांधून ठेवलेल्या असतात, आणि रीजंट्स कॅनॉलच्या कडेने पूर्वेला निघा. मेडा हिलच्या बोगद्यापाशी काठाची वाट संपते, वर रस्त्यावर येऊन एजवेअर रोड ओलांडायचा आणि अॅबरडीन प्लेसमधून पुन्हा खाली उतरायचं. इथे लोक हमखास चुकतात, मोबाइलचा नकाशा उघडा ठेवा.

लिसन ग्रोव्हच्या आसपास तुम्ही लॉर्ड्सच्या अगदी मागे असता. मैदानाची टूर आधी बुक केली असेल तर हीच वेळ. सामन्यांच्या दिवसांत टूर बहुधा नसते, तारीख तपासून घ्या. पाहुण्या संघाच्या ड्रेसिंग रूममधल्या, इथे कसोटी शतक ठोकणाऱ्यांच्या मानफलकावर दिलीप वेंगसरकरचं नाव तीनदा दिसतं: १९७९, १९८२, १९८६. अजित आगरकर आहे, अजिंक्य रहाणे आहे. सचिन नाही. गाइड बहुधा स्वतःच सांगतो, आणि भारतीय पाहुण्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

पुन्हा कालव्यावर. रीजंट्स पार्कच्या कडेला मॅकल्सफील्ड ब्रिज लागेल. ऑक्टोबर १८७४ मध्ये बंदुकीची दारू घेऊन जाणाऱ्या होडीचा त्याखाली स्फोट झाला आणि पूल उडाला. नव्याने बांधताना जुनेच ओतीव लोखंडी खांब वापरले, पण फिरवून उभे केले. पुलाखाली थांबून खांबावरून हात फिरवा. होड्या ओढणाऱ्या घोड्यांच्या दोरांनी पडलेल्या खाचा लागतात, आणि त्या दोन्ही बाजूंना आहेत: एका बाजूच्या स्फोटाआधीच्या, दुसऱ्या बाजूच्या नंतरच्या. टूरबसच्या खिडकीतून हे दिसणं शक्यच नाही.

पुढे प्राणिसंग्रहालयाच्या पोटातून कालवा जातो. तो संपला की वर येऊन प्रिमरोज हिल चढा. टेकडी लहानशी, पण माथ्यावरून सगळं शहर दिसतं. पलीकडे उतरलं की दहा मिनिटांत किंग हेन्रीज रोड, घर नंबर १०. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये हे घर विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. उघडं असण्याच्या वेळा निघण्याआधी तपासा. परतायला चॉक फार्म स्टेशन जवळ. कालव्यावरची चाल तीन-साडेतीन किलोमीटरची आहे. लॉर्ड्सची टूर धरून हा पूर्ण दिवस होतो, त्यात आणखी काही कोंबू नका.

*हॉबर्नचा अर्धा दिवस.* हा धागा पुढे न्यायचा असेल तर हाउटन स्ट्रीटवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सपासून सुरुवात करा. बाबासाहेब लंडनला पहिल्यांदा १९१६ मध्ये आले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने पुढच्याच वर्षी अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. १९२० मध्ये साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज यांवर ते पुन्हा आले, आणि १९२३ पर्यंत डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी दोन्ही पदरात पाडून घेतलं. बॅरिस्टरीचं ग्रेज इन इथून पायी पंधरा मिनिटांवर आहे. आठवड्याच्या कामाच्या दिवसांत दुपारी जेवणाच्या वेळी त्याची बाग सगळ्यांना खुली असते. वाटेत लिंकन्स इन फील्ड्सवर सर जॉन सोन म्युझियम आहे, फुकट. एका वास्तुविशारदाचं घर, पुतळे, चित्रं आणि एका फॅरोची दगडी शवपेटी यांनी गच्च भरलेलं. सोमवार-मंगळवार बंद, आणि मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत.

*उत्तरेचा दिवस.* हायगेट. क्रॉमवेल अॅव्हेन्यूवर ६५ नंबरचं घर म्हणजे पूर्वीचं इंडिया हाउस. सावरकरांच्या नावाची पाटी तिथे १९८५ मध्ये लागली. त्यानंतर वॉटरलो पार्कमधून हायगेटच्या दफनभूमीकडे या. मार्क्सची समाधी तिथे आहे, आत जायला तिकीट लागतं. मग हॅम्पस्टेड हीथ पार करून केनवुड हाउस. व्हर्मीरचं एक चित्र आणि रेम्ब्राँचं उतारवयातलं आत्मचित्र तिथे फुकट पाहता येतं, नॅशनल गॅलरीतल्या गर्दीशिवाय. पाऊस असेल तर हा दिवस पुढे ढकला. हीथवरचा चिखल बुटांना सोडत नाही.

*पूर्वेचा दिवस.* व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने मे २०२५ मध्ये हॅकनी विकजवळ आपलं कोठार लोकांसाठी उघडलं. ‘व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस’. इथली गंमत अशी की संग्रहातली वस्तू आधी मागवून ठेवता येते. ऑनलाइन कॅटलॉगमधून पाचपर्यंत वस्तू निवडा, निदान दोन आठवडे आधी नोंदवा, आणि ठरलेल्या वेळी त्या तुमच्यासमोर टेबलावर येतात. पैसे लागत नाहीत. मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्सच्या हाताखाली १८७२ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या होत्या. लंडनला पाठवलेल्या त्या नकलांपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत गेल्या, उरलेल्या याच म्युझियमच्या संग्रहात आहेत. सगळ्याच वस्तू मागवता येत नाहीत, कॅटलॉगमध्ये तसं लिहिलेलं असतं. अजिंठा नको तर पैठणी शोधा, दागिने शोधा.

वाघनखं बघायला मात्र साउथ केन्सिंग्टनच्या जुन्या इमारतीत जाऊ नका. ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आणि आधी साताऱ्यात ठेवली गेली.

असे तीन-चार दिवस झाले की मध्ये एक दिवस पूर्ण कोरा ठेवा. त्या दिवशी ‘पुन्हा हवी’वाली जागा, धुणं, आणि दुपारची झोप.

आधी काढायची तिकिटं

सगळं आधी बुक करण्याची आपली सवय लंडनला अर्धीच उपयोगी. ज्यांना आधी बुकिंग हवंच ते हे: लॉर्ड्सची टूर, स्टोअरहाउसमधली वस्तू, आणि स्काय गार्डन. उंचावरून शहर बघायला पहिल्या वेळी लंडन आयचे पैसे मोजले असतील. स्काय गार्डन आणि बिशप्सगेटवरचं होरायझन २२ ही दोन्ही फुकट आहेत. स्काय गार्डनची तिकिटं सोमवारी सुटतात आणि भराभर संपतात.

नाटकाचं उलटं. नॅशनल थिएटर दर शुक्रवारी दुपारी एक वाजता पुढच्या आठवड्याची काही तिकिटं १० पौंडांना ऑनलाइन सोडतं. शेक्सपिअर्स ग्लोबमध्ये अंगणात उभं राहून नाटक पाहणं सगळ्यात स्वस्त, पण तीन तास बसायचं नाव नाही आणि वर छप्पर नाही. पाय साथ देत असतील तर तेच तिकीट काढा. मोठी म्युझियमं शुक्रवारी उशिरापर्यंत उघडी असतात. व्ही अँड ए तर रात्री दहापर्यंत. ब्रिटिश म्युझियम ‘नीट’ पाहायचं राहिलं असेल तर शुक्रवारची संध्याकाळ धरा, आणि एकच दालन निवडा.

एक दिवस बाहेर

माझी पसंती केंब्रिज. किंग्ज क्रॉसवरून वेगवान गाडीने साधारण पन्नास मिनिटं. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९९ मध्ये इथे गणितात सीनियर रँग्लर झाले, आणि आपल्याकडे ‘रँग्लर परांजपे’ हेच नाव झालं. त्यांचं कॉलेज सेंट जॉन्स. साठ वर्षांनी, १९५९ मध्ये, कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर त्याच परीक्षेत पहिले आले. किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये सत्रकाळात संध्याकाळची गायनप्रार्थना फुकट ऐकता येते, तर दिवसा तिकीट काढून आत जाण्यापेक्षा तेच करा.

रेल्वेची तिकिटं आठवड्याच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतरची काढा, फरक लक्षात येण्याजोगा असतो. दोघंच असाल आणि अशा दोन-तीन फेऱ्या होणार असतील, तर ‘टू टुगेदर’ रेलकार्ड घ्या. दोघांच्या नावावर एकच कार्ड, दोघांनी सोबत प्रवास केला की भाडं एक तृतीयांशाने कमी.

कार्डं आणि पैसे

ट्यूब-बससाठी वेगळा पास लागत नाही, कॉन्टॅक्टलेस कार्ड पुरतं. पण माणशी एक कार्ड, आणि तेच कार्ड शेवटपर्यंत. सकाळी प्लास्टिकचं कार्ड आणि संध्याकाळी मोबाइल लावलात, तर यंत्रणेच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी असतात आणि दिवसाची कमाल भाड्याची मर्यादा दोघांना वेगवेगळी लागते. आठवड्याची मर्यादा सोमवार ते रविवार अशी मोजतात. त्यामुळे सात दिवसांची सहल सोमवारी सुरू झाली तर फायदा. बसचं एक तिकीट तासभर चालतं, त्यात कितीही बस बदला.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरचे परदेशी आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार तुम्हालाच चालू करावे लागतात. हे घरून निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये करा, कारण तिकडे ओटीपी यायला भारतातलं सिम चालू हवं. दुकानातल्या मशीनने ‘रुपयात की पौंडात’ विचारलं तर पौंड. रुपयांचा पर्याय सोयीचा दिसतो, पण दर वाईट असतो.

बॅग आणि पोट

भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये न्यायला मनाई आहे. त्यामुळे पेढे, बर्फी, साजूक तूप राहू द्या, लेकीचा कितीही आग्रह असो. चटण्या, मेतकूट, भाजणी न्या; लाडू असतील तर तुपाऐवजी तेलातले. प्लग तीन चौकोनी पिनांचा, तो जुना अडॅप्टर लिफाफ्यातच असेल.

शाकाहारी माणसाला लंडनमध्ये आता उपाशी राहायची वेळ येत नाही. तरी घरगुती चवीसाठी युस्टनमागची ड्रमंड स्ट्रीट आणि वेम्बलीचा ईलिंग रोड लक्षात ठेवा. बरो मार्केटला जाणार असाल तर सोमवार टाळा. रविवारी मोठी दुकानं सहाच तास उघडी असतात, किराणा शनिवारी भरा.

परतीच्या दिवशी दुपारची फ्लाइट नसेल तर हाउन्सलोला उतरून वडापाव खाऊन विमानतळावर जाता येतं, पिकॅडिली लाइनवरच आहे. फक्त पुढची गाडी पकडताना डब्यावरची पाटी वाचा. काही गाड्या टर्मिनल ४ ला जातात, काही ५ ला, आणि चुकीच्या गाडीत बसलात तर टर्मिनल २-३ ला उतरून गाडी बदलावी लागते. त्यासाठी अर्धा तास हाताशी ठेवा.